पाण्याचा जाब कुणाला विचारायचा? 'बाहेरच्यां'ना की निवडून आलेल्यांना?

वस्तीतल्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की पंधरा-वीस मिनिटांत तो 'बाहेरच्यां'वर येतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिन्हीकडे आम्ही हे पाहिले आहे. लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, बाहेरच्यांमुळे. नळाला पाणी नाही, बाहेरच्यांमुळे. अलीकडे त्यात युरोपची भर पडली आहे. मोबाइलवर व्हिडिओ येतात आणि आपलेच युवक म्हणतात, "बघा, तिकडचे लोकसुद्धा आता परप्रांतीयांना हाकलायला निघालेत."

तिकडे नेमके काय चालले आहे ते आधी पाहू. 2015 साली सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून दहा लाखांहून अधिक माणसे युरोपात आली. जून 2016 मध्ये ब्रिटनने सार्वमत घेऊन, सुमारे 52 टक्के मतांनी, युरोपीय संघ सोडायचे ठरवले. फेब्रुवारी 2025 मध्ये जर्मनीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी हा पक्ष 20 टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. या लोकांच्या रागात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. एक, परके लोक फार आले. दुसरी, आमच्या आयुष्याचे निर्णय दूर कुठेतरी होतात आणि आम्हाला कुणी विचारत नाही. दुसरी तक्रार लोकशाहीची आहे, ती खोटी म्हणता येत नाही. पण पुढाऱ्यांना पहिली विकायला सोपी जाते.

ब्रिटनमध्ये पुढे काय झाले? संघ सोडला, आणि जून 2023 ला संपलेल्या वर्षात देशात आलेल्यांची संख्या देश सोडणाऱ्यांपेक्षा 9 लाखांनी जास्त भरली. व्हिसा त्यांच्याच सरकारने दिले होते, कारण विद्यापीठांना फी हवी होती आणि म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसे हवी होती. त्यात भारतातून गेलेलेही पुष्कळ. राग परक्यांवर निघाला, निर्णय घेणारे मात्र सुटले.

आता आपल्याकडे येऊ. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले कल्याणचे लष्करी कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, 8 ऑगस्ट 1949 ला शहराला नाव मिळाले, तरी लोक अजून 'कॅम्प नंबर चार' असाच पत्ता सांगतात. आणि आपण? 1972 च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबे इथल्या टेकड्यांवर झोपड्या बांधून राहिली. कुणी सेंच्युरी रेयॉनमध्ये लागले, कुणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, कुणी विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात, बरेचसे नाक्यावर. मूळचे म्हणायचे तर आगरी, कोळी आणि आदिवासी. खुद्द बाबासाहेब 1946 साली संविधान सभेत पहिल्यांदा गेले ते बंगालमधून निवडून. 'बाहेरचा' म्हणून त्यांना तेव्हा नाकारले असते तर?

मग गर्दी आणि टंचाई खोटी आहे का? मुळीच नाही. बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 98 हजार होती, 2011 मध्ये 1 लाख 74 हजार झाली. इमारतींना परवानगी कुणी दिली, पाण्याची सोय आधी का केली नाही, हे विचारायलाच हवे. फक्त विचारायचे कुणाला, तिथे घोडे अडते.

संविधानाचे कलम 243यू सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांची 2015 नंतरची निवडणूक थेट डिसेंबर 2025 मध्ये झाली. मुदत 2020 लाच संपली होती. उल्हासनगर महापालिकेची मुदत एप्रिल 2022 मध्ये संपली, मतदान जानेवारी 2026 मध्ये. आधी कोरोना, नंतर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. कारणे काहीही असोत, तेवढी वर्षे कारभार प्रशासकाच्या हातात होता आणि ज्याचे दार ठोठवावे असा नगरसेवकच नव्हता. या काळात 'बाहेरचे' हा शब्द आमच्या कानावर जास्त पडू लागला. हा योगायोग आम्हाला वाटत नाही.

आणि हा शब्द उलटतो कसा, तेही बदलापूरने पाहिले आहे. 20 ऑगस्ट 2024 ला शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या विरोधात लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद राहिली. दुसऱ्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले की आंदोलन राजकीय होते आणि बहुतेक आंदोलक बाहेरून आलेले होते. उच्च न्यायालयाने मात्र स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला उशीर का झाला, हे पोलिसांना विचारले. जाब विचारणारा कालपर्यंत स्थानिक असला तरी एका रात्रीत बाहेरचा ठरू शकतो.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. कलम 243एस प्रमाणे 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या बंधनकारक आहेत. 2011 च्या जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांच्या आसपास होते आणि बदलापूर त्याहून कमी. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे टॉवरवर टॉवर उभे राहिले तरी कागदावर ही शहरे लहानच. नवे प्रभागही 2011 च्याच आकड्यांवर पाडले गेले. ज्या गर्दीबद्दल आपण भांडतो, ती सरकारच्या हिशोबात अजून आलेलीच नाही.

महापरिनिब्बान सुत्तात वज्जींबद्दल तथागत आनंदाला विचारतात, त्यातला पहिलाच प्रश्न असा की ते वारंवार सभा घेतात का? आपण हाच प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारू शकतो. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे, आपल्या प्रभागात ती शेवटची कधी झाली? आपल्या वस्तीला रोज किती पाणी मंजूर आहे आणि प्रत्यक्ष किती येते? गेल्या पाच वर्षांत किती इमारतींना परवानगी दिली आणि त्यांना पाणी कुठल्या योजनेतून? दलित वस्तीचा निधी किती आला, कुठे गेला? हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. पुढच्या बैठकीला आम्ही छापील अर्ज घेऊन येणार आहोत. शेजारच्या चाळीतल्या उत्तर भारतीय भाडेकरूंनाही बोलावले आहे, नळ त्यांचाही तोच आहे.