शाळेतील छळ आणि आघातोत्तर तणाव : आगीची जखम दिसते, दादागिरीची दिसत नाही

कुंभकोणम (तमिळनाडू) : तंजावर जिल्ह्यातील या मंदिरनगरीत 16 जुलै 2004 रोजी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात मध्यान्ह भोजन शिजत असताना आग लागली आणि झावळ्यांनी शाकारलेल्या वर्गांच्या छपरापर्यंत पोहोचली. एकाच इमारतीत दाटीवाटीने चालणाऱ्या शाळांतून बाहेर पडण्यासाठी जिना अरुंद होता. 94 मुले मृत्युमुखी पडली. चौकशी आयोग नेमला गेला, शाळांच्या इमारतींच्या सुरक्षिततेविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये देशभरासाठी निर्देश दिले आणि दुर्घटनेनंतर दहा वर्षांनी, 30 जुलै 2014 रोजी, तंजावरच्या सत्र न्यायालयाने निकाल दिला.

या नोंदींत जिवंत बाहेर पडलेल्या मुलांच्या मनाचा हिशेब क्वचितच सापडतो. अशा प्रसंगातून वाचलेल्यांपैकी काहींना पुढे जे सोसावे लागते, त्याला मानसोपचारशास्त्र आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी म्हणते. प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे उभा राहणे, दुःस्वप्ने, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा व माणसे टाळणे, सतत सावध राहणे, किरकोळ आवाजानेही दचकणे ही त्याची लक्षणे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 1980 मध्ये या विकाराला निदानाचा दर्जा दिला, तेव्हा चर्चा मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांची होती.

मुलांकडे लक्ष वेधले ते लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञांनी. कॅलिफोर्नियातील चौचिला येथे 1976 मध्ये शाळेच्या बससह पळवून नेलेल्या आणि जमिनीखाली कोंडलेल्या 26 मुलांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. सर्व मुले सुखरूप परतली होती. तरीही अनेकांच्या खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येई आणि आपण फार जगणार नाही, असे काहींना वाटे. पुढे टेर यांनी आघाताचे दोन प्रकार मांडले : एकाच घटनेचा, आणि दीर्घकाळ वारंवार होणारा. कुंभकोणमची आग पहिल्या प्रकारात मोडते. वर्गातला रोजचा छळ दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातो.

छळ म्हणजे मुलांमधले प्रत्येक भांडण नव्हे. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेअस यांच्या व्याख्येनुसार इजा करण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता या तीन गोष्टी असतील, तरच ती दादागिरी ठरते. नॉर्वेतच 14 ते 15 वर्षांच्या 963 विद्यार्थ्यांची पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. छळ सोसलेल्या मुलांपैकी 27.6 टक्के मुलगे आणि 40.5 टक्के मुली यांच्यातील लक्षणे उपचारांची गरज दर्शविणाऱ्या पातळीची आढळली. शाळा आणि कामाची ठिकाणे यांविषयीच्या अभ्यासांचा 2015 मधील एकत्रित आढावा सांगतो, की छळ झालेल्यांपैकी सुमारे 57 टक्के व्यक्तींची लक्षणे पीटीएसडीच्या मर्यादेपलीकडे होती.

हे आकडे जपून वाचावे लागतात. प्रश्नावलीतून लक्षणे मोजली जातात, निदान होत नाही. आधीच अस्वस्थ असलेले मूल छळाचे सोपे लक्ष्य ठरत असण्याचीही शक्यता असते. शिवाय अमेरिकी निकषांनुसार मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा, अथवा त्यांचा धोका, असेल तरच पीटीएसडीचे निदान करता येते. टोपणनावे, बहिष्कार, डबा पळवणे यांत तो सहसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने मात्र अत्यंत भयावह ‘घटनांच्या मालिके’चाही स्पष्ट उल्लेख केला आहे. निकषांच्या वादात लेबल कोणते लागते, यापेक्षा मूल झोपते का, हा प्रश्न घरच्यांच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे.

आग विझते. जळालेल्या वर्गात पुन्हा बसायला मुलाला कोणी सांगत नाही आणि त्याचे दुःख सारे गाव मान्य करते. छळ सोसणाऱ्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर, त्याच मुलांमध्ये जावे लागते, आणि घरी सांगितले तर ‘एवढे चालायचेच’ हे उत्तर मिळते. आघातकेंद्री समुपदेशनासारखे उपचार धोका टळला आहे हे गृहीत धरून चालतात. म्हणून छळ सुरू असताना केवळ मुलाला समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे आगीत उभ्या माणसाच्या भाजल्यावर मलम लावणे होय. आधी छळ थांबावा लागतो, आणि ते काम शाळेचे आहे.

तमिळनाडूनेच याचे दुसरे टोकही पाहिले. तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे ऑगस्ट 2023 मध्ये बारावीच्या एका दलित विद्यार्थ्यावर शाळेतल्याच मुलांनी घरात शिरून कोयत्याने वार केले. त्याला वाचवताना बहीणही जखमी झाली. त्याआधी त्याने शाळेत जाणे बंद केले होते आणि त्रासाची तक्रारही केली होती. गैरहजेरी हे टाळण्याचे लक्षण असू शकते, हे शाळांच्या हजेरीपटाला कळत नाही. रविवारी संध्याकाळी दुखणारे पोट, अचानक घसरलेले गुण, तुसडेपणा यांनाही आळस किंवा हट्ट समजले जाते.

लक्षणे महिनाभराहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आणि मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी विनामूल्य आहे. नांगुनेरीच्या घटनेनंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने जून 2024 मध्ये अहवाल दिला. जात दर्शविणारे रंगीत मनगटी धागे शाळेत बंद करावेत आणि मोठ्या माध्यमिक शाळांमध्ये स्वतंत्र कल्याण अधिकारी नेमावेत, या त्यातील शिफारशी आहेत.