ज्याला अंगण, त्यालाच स्वस्त वीज?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास वस्तीतला एक तरुण आमच्या दारी आला. "जयभीम सर, नोटीस आलीय," एवढेच म्हणाला आणि खिशातला घडी घातलेला कागद काढून त्याने टेबलावर ठेवला. सार्वजनिक रस्त्यावरून विजेची वायर टाकून गाडी चार्ज केल्याबद्दलची ती नोटीस होती. हा तरुण टॅक्सी चालवितो. घराण्यात चार चाकांची गाडी घेणारा पहिलाच. पेट्रोल परवडत नाही, सीएनजीच्या रांगेत दिवस जातो, म्हणून कर्ज काढून त्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. घर मात्र चाळीतली दहा बाय बाराची खोली, आणि गाडी उभी करायची ती समोरच्या रस्त्यावर.

"सर, गाडी घेताना शोरूममध्ये सांगितलं, घरीच लावा, मोबाइलसारखी. घर आहे हो सर, पण घराला जागा कुठाय?"

त्याच्या या एका वाक्यात आजच्या लेखाचा विषय आहे.

आमची स्थिती त्याच्याहून फार वेगळी नाही. आम्हीही दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारी मोटार घेतली. आमच्या जुन्या इमारतीला ना आवार ना कुंपण. पायरी उतरली की रस्ता. पण आम्हाला दिवसा न्यायालयाजवळच्या वाहनतळावर गाडी चार्ज करता येते, आणि आमची चूल काही त्या गाडीवर पेटत नाही. त्याची पेटते. म्हणून आमची गैरसोय ती त्याची उपासमार ठरते, हे आधीच कबूल केले पाहिजे.

आता या गाडीचे गणित पाहू. लहान मोटारीची बॅटरी साधारण तीस युनिटची असते. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून तासाला जेमतेम तीन युनिट वीज जाते. म्हणजे रिकामी गाडी भरायला दहा तास लागतात. रात्री लावावी, सकाळी काढावी. ज्याच्या बंगल्याला अंगण आहे किंवा टॉवरच्या तळमजल्यावर हक्काची जागा आहे, त्याच्यासाठी ही व्यवस्था अगदी सोयीची. पण चाळीतल्या खोलीचा मंजूर भारच एक-दोन किलोवॅटचा. त्यावर फ्रिज, पंखा, टीव्ही चालू असताना गाडी लावली की फ्यूज उडालाच. आमच्या या तरुणाने खिडकीतून वायर सोडली तेव्हा पहिल्या रात्री सगळ्या मजल्याची वीज गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारी फूटपाथवरच्या वायरीत पाय अडकून पडली. नोटीस त्यानंतर आली, आणि ती चुकीची नव्हती. आम्ही त्याला तसे स्पष्ट सांगितले. फूटपाथ चालणाऱ्याचा आहे. आपल्या हप्त्यासाठी म्हातारीचे हाड मोडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मग त्याने करायचे काय? तो सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर जातो. रात्री एक वाजता रांग लावतो, नंबर आला की तासभर गाडीतच झोपतो. आणि तिथली वीज घरच्या मीटरच्या विजेपेक्षा महाग. इथे कराचा एक प्रकार वाचकांनी नीट समजून घ्यावा. घरी मीटरवर येणाऱ्या विजेवर जीएसटी नाही. सार्वजनिक केंद्रावर मात्र चार्जिंग ही 'सेवा' समजली जाते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. खुद्द विजेच्या गाडीवरचा जीएसटी सरकारने १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. म्हणजे गाडी विकत घेणाऱ्याला सवलत, घरी चार्ज करणाऱ्याला जीएसटी माफ, आणि ज्याला घरी जागा नाही त्याला शंभर रुपयांवर अठरा रुपये जास्त. वीज तीच, गाडी तीच, शहर तेच. फरक फक्त अंगणाचा!

हा अन्याय एकट्या मुंबईचा आहे असे कोणी समजू नये. ज्या लंडनमध्ये बाबासाहेब शिकले, तिथेही जुन्या वस्त्यांतून घरे रस्त्याला लागून आहेत. ब्रिटनमध्ये घरगुती विजेवर व्हॅट ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के आहे. तिथेही बिनअंगणाच्या लोकांची हीच तक्रार आहे. पण तिथे उपायही सुरू झाले. लंडनच्या अनेक स्थानिक परिषदांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातच चार्जिंगची सोय केली. फूटपाथमध्ये चर पाडून वायर सुरक्षित नेण्याच्या योजनेसाठी तिथल्या सरकारने २०२५ साली अडीच कोटी पौंड जाहीर केले.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे सवलती कमी नाहीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण आणले, २०२५ मध्ये नवे धोरण आणले. अटल सेतूवर विजेच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून टोल माफ झाला. तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. तीस लाखांच्या गाडीवाल्याची हाक किती लवकर ऐकू जाते पाहा! केंद्राने २०१९ साली आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती सुचविली की नव्या इमारतींतल्या पार्किंगपैकी वीस टक्के जागांवर चार्जिंगची सोय असावी. चांगले आहे. पण ज्या इमारतीला पार्किंगच नाही तिथे वीस टक्के कशाचे काढणार? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. विकास नियमावलीत पार्किंगची जागा घराच्या क्षेत्रफळाशी बांधलेली आहे. मोठ्या घराला एकाहून अधिक जागा, आणि छोट्या घरांना अनेकांत मिळून एक. म्हणजे पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेला आपला माणूस झोपडीतून निघाला तरी रस्त्यावरच्या पार्किंगमधून निघाला नाही.

त्यात मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ नये, असे धोरण बोलून दाखविले. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ साली, जागा नसताना एकेका कुटुंबाने चार-पाच गाड्या का ठेवाव्यात, असा सवाल केला होता. न्यायालयाचा सवाल रास्त आहे. रस्ते गाड्यांनी गिळले आहेत हे कोण नाकारील? पण 'जागेचा पुरावा' हा एकच निकष लावला तर काय होईल? टॉवरमधल्या एका घराच्या तीन गाड्या नियमात बसतील आणि आमच्या या तरुणाची पोटाची एक टॅक्सी नियमाबाहेर जाईल. गाड्या कमी करायच्या असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपासून सुरुवात करा.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, वकीलसाहेब, हे गाडीवाल्यांचे दुखणे आपल्याला कशाला? आपल्याकडे शिष्यवृत्ती थकली आहे, नोकरीचा अनुशेष आहे. प्रश्न बरोबर आहे. पण गाडीवाला म्हणजे कोण, हे आता बदलले आहे. टॅक्सी, रिक्षा, घरोघर सामान पोचविणारी स्कूटर यांवर आज आपल्या वस्त्यांतली किती मुले राबतात ते सकाळी सातला नाक्यावर उभे राहून पाहावे. महिलांसाठी शासनाने पिंक ई-रिक्षाची योजना आणली. ती रिक्षा घेणारी भगिनी राहते कुठे आणि रात्री रिक्षा लावते कुठे? वाहन दिले आणि वीज रस्त्याच्या पलीकडे ठेवली, तर ते कर्ज ठरेल, स्वावलंबन नव्हे.

आणि विजेचा प्रश्न आपल्या चळवळीला परका कधीच नव्हता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी वीज खाजगी हाती असावी की सरकारच्या, ती स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल, याची चर्चा केली आणि ती देशाच्या दारिद्र्याशी जोडली. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात या काळातील कागदपत्रे आहेत, ती तरुणांनी जरूर वाचावीत. ज्या महामानवाने परळच्या बीआयटी चाळीच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे संसार केला, त्याला चाळीतल्या माणसापर्यंत वीज कशी जाईल हा प्रश्न क्षुल्लक वाटला नसता.

महाडची आठवण इथे अटळ आहे. चवदार तळ्याच्या लढ्यात माणुसकीचा प्रश्न होता. चार्जिंगच्या गैरसोयीची त्याच्याशी बरोबरी आम्ही करीत नाही, कोणी करूही नये. पण कायद्याचा एक धडा त्यात आहे. बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. कागदावर हक्क होता. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चालत गेले तेव्हा कागद जिवंत झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. सार्वजनिक वस्तू सार्वजनिक आहे असे लिहून भागत नाही. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट असावी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार अर्ज करील तर वीज देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, आणि महानगरांत नवी जोडणी देण्याची मुदत तीन दिवसांवर आली. अंगणवाल्याला तीन दिवस! रस्त्यावरच्या माणसाला मात्र कालमर्यादाच नाही, कारण रस्त्याचा तो मालकही नाही आणि भोगवटादारही नाही. पण याच कायद्यात 'जागा' या शब्दाच्या व्याख्येत जमीनही येते. मुंबईतले सार्वजनिक रस्ते १८८८ च्या अधिनियमाने महापालिकेकडे निहित आहेत. मग रस्त्याच्या वतीने अर्ज कोणी करायचा? महापालिकेने! आणि शहर भागात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरविणारा बेस्ट उपक्रम महापालिकेचाच आहे. रस्ता आपला, वीजपुरवठा आपला. अडचण कायद्याची नाही, इच्छेची आहे. खर्चाचे म्हणाल तर स्कूटर-रिक्षांसाठी साडेतीन हजार रुपयांच्या आत बसणारा साधा चार्जिंग पॉइंट देशातच तयार करण्याचे काम केंद्राच्या विज्ञान खात्याने आणि नीती आयोगाने २०२१ सालीच हाती घेतले होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. ज्या वस्त्यांना आणि चाळींना पार्किंग नाही, तिथल्या रस्त्यावर महापालिकेने संथ गतीचे, रात्रभर लावता येतील असे चार्जिंग पॉइंट बसवावेत, आणि त्यांत टॅक्सी, रिक्षा व पोटासाठी चालणाऱ्या वाहनांना आधी स्थान द्यावे. अशा ठिकाणच्या विजेचा दर घरगुती दराच्या बरोबरीने असावा आणि त्यावरचा १८ टक्के कर रद्द व्हावा. पॉइंट गाड्यांच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला असावेत, फूटपाथवर नव्हे. आणि हे सर्वांत महत्त्वाचे की चार्जिंगच्या नावाखाली एकाही फेरीवाल्याला उठवू नये. त्याच्या पोटाचे रक्षण २०१४ चा पथविक्रेता कायदा करतो. एका गरिबाच्या ताटातून काढून दुसऱ्या गरिबाला वाढणे ही आपली चळवळ नव्हे.

समाजानेही काही करावयाचे आहे. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पार्किंग किती, त्यात चार्जिंगसाठी वीजभार किती, हे लेखी घ्या. इमारतीतली मोकळी आणि स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद प्रकरणात मोफा कायद्याखाली सांगितले आहे. हा निकाल खिशात ठेवा. दुसरे असे की चार्जिंग केंद्र चालवायला वीज वितरणाचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. मग आपल्या महिला बचत गटांनी, विहार समित्यांनी हे का करू नये? अनेक विहारांपुढे मोकळी जागा आहे. जागेची कागदपत्रे तपासून, रीतसर जोडणी घेऊन दोन-तीन पॉइंट बसविले तर रिक्षावाल्याची रात्र वाचेल आणि अभ्यासिकेचे वीजबिलही निघेल.

त्या तरुणाच्या नोटिशीला आम्ही उत्तर लिहून दिले. वायर काढली आहे, पुन्हा टाकणार नाही, अशी कबुली त्यात आहे. पण शेवटी एक ओळ आम्ही मुद्दाम घातली: आमच्या गल्लीत रस्त्यावर अधिकृत चार्जिंग पॉइंट मिळावा, यासाठी हाच अर्ज समजावा. खाली त्याच्यासह गल्लीतल्या एकोणीस वाहनचालकांच्या सह्या आहेत. पहिली सही त्या पडलेल्या म्हातारीच्या नातवाची आहे. तो स्कूटरवर सामान पोचवितो.

प्रत्येक गल्लीतून असा एक अर्ज गेला पाहिजे. मसुदा हवा असेल तर आमच्याकडे या, फी नाही.

जयभीम!