छातीतल्या महाधमनीचं ऑपरेशन झालं, मग पुन्हा प्रक्रिया कशासाठी?

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी, शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. छातीत ती फुगली किंवा तिच्या आतल्या थराला चीर गेली, तर ती फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून ती दुरुस्त करतात. मात्र काही रुग्णांना पुढे पुन्हा प्रक्रिया करावी लागते. मग घरचे विचारतात, ‘पहिलं ऑपरेशन फसलं का?’ तसं असेलच असं नाही.

दुरुस्ती कशी करतात?

पहिली पद्धत ओपन सर्जरी. छाती उघडून खराब भागाच्या जागी कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, शिवतात. दुसरी टेव्हार. यात जांघेतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट-ग्राफ्ट वर नेऊन फुगलेल्या भागात उघडतात. फुगलेल्या पाइपातून आत नवा पाइप सरकवावा, तसं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये अशा १३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता.

पुन्हा प्रक्रिया का लागते?

टेव्हारमध्ये जुनी भिंत तशीच राहते. नव्या नळीच्या टोकाशी फट राहिली, तर रक्त पुन्हा फुगवट्यात शिरतं. याला एन्डोलीक म्हणतात. कधी स्टेंट सरकतो, कधी त्याच्या पुढचा भाग फुगतो. त्यामुळे पुन्हा प्रक्रिया लागण्याचं प्रमाण टेव्हारनंतर जास्त असतं. पण बऱ्याचदा जांघेतूनच आणखी एक स्टेंट-ग्राफ्ट बसवून काम भागतं.

ओपन सर्जरीतली नळी टिकाऊ असते. तरी उरलेली महाधमनी पुढे फुगू शकते, विशेषतः चीर गेलेल्या किंवा मार्फान सिंड्रोम असलेल्या रुग्णांत. दोन्ही पद्धतींत क्वचित जंतुसंसर्गही होतो.

खरा धोका कुठे आहे?

एन्डोलीक बहुधा दुखत नाही. ‘बरं वाटतंय’ म्हणून तपासणी चुकवली, तर फुगवटा वाढत राहतो आणि कळतही नाही. टेव्हारनंतर साधारण १ महिन्याने, मग ६ ते १२ महिन्यांत आणि त्यानंतर बहुधा दरवर्षी सीटी स्कॅन सांगतात. वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील.

जळगाव-धुळ्याच्या रुग्णांनी काय करावं?

अशा ऑपरेशनसाठी अनेकांना नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. दर तपासणीला तिथवर जायचं म्हणजे मजुरी बुडते, भाडं लागतं. म्हणून घरी सोडतानाच विचारा: ‘सीटी आमच्या जिल्ह्यात काढून तुम्हाला दाखवली तर चालेल का?’

• डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड आणि प्रत्येक सीटीची सीडी जपून ठेवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. जुन्या-नव्या चित्रांची तुलना करावी लागते.
• रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. तंबाखू, बिडी सोडा.
• सीटीच्या औषधाचा किडनीवर ताण येऊ शकतो. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची प्रक्रिया आणि नंतरची तपासणी बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. २०१२ मध्ये ही योजना जुन्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत धुळेही होता.

छातीत किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, चक्कर येऊन पडलात, खोकल्यातून रक्त आलं किंवा पायांतली ताकद गेली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि महाधमनीचं ऑपरेशन झालंय, हे आधी सांगा.