व्हॉलीबॉलच्या पंचाची शिट्टी व खुणा

अंजनवेल हे गाव वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या सान्निध्यात वसले आहे. अशा किनाऱ्यावरील शाळांत वारा उंच चेंडूस सहज वाहून नेतो आणि चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरून मुलांत तंटा उपस्थित होतो. त्यातून पंच बहुधा यजमान शाळेचेच गुरुजी असतात. चुकलेल्या निर्णयापेक्षा रेंगाळलेला निर्णयच अशा वेळी अधिक संशय उत्पन्न करतो.

पूर्वी पाचवा डाव सोडल्यास केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघासच गुण मिळे. 1998 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक चढाओढीस गुण देण्याची पद्धती स्वीकारली. तेव्हापासून पंचाची प्रत्येक शिट्टी कोणास तरी एक गुण देते व प्रतिपक्षास त्याची झळ लागते.

म्हणूनच क्रम पाळावा. दोष दिसताच शिट्टी वाजवावी. नंतर पुढील सर्व्हिस ज्या संघाची, त्या बाजूस हात करावा. मग दोषाची खूण करावी आणि आवश्यक असेल तरच दोषी खेळाडू दाखवावा. पुष्कळ शिक्षक आधी खेळाडूकडे बोट दाखवून रागे भरतात. मुलगा ओशाळतो आणि गुण कोणास मिळाला हे गुणलेखकास कळतच नाही. सर्व्हिसलाही शिट्टीनेच अनुज्ञा द्यावी. तीपूर्वी केलेली सर्व्हिस रद्द होऊन पुन्हा करावयाची असते. शिट्टीनंतर 8 सेकंदांची मुदत असते.

मुख्य पंचाची दृष्टी जाळ्याच्या वरच्या कडेहून सुमारे 50 सेंटिमीटर उंच असावी. त्यासाठी भक्कम मेज पुरे. डुगडुगणारे बाक मात्र नको. रेषापंच दोनच मिळाले, तर प्रत्येक पंचाच्या उजव्या हाताकडील कोपऱ्यापाशी एकेक उभा करावा. म्हणजे ते मैदानाच्या समोरासमोरच्या कोनांत येतात आणि प्रत्येकास आपल्याकडील एक बाजूरेषा व एक अंत्यरेषा पाहता येते. चेंडू आत पडल्यास निशाण खाली, बाहेर गेल्यास वर. चेंडूचा रेषेस स्पर्श झाला तरी तो आतच समजावा. फक्कीची रेषा वाऱ्याने पुसट होते, यास्तव प्रत्येक डावापूर्वी ती पुन्हा आखून घ्यावी.

निर्णयाचा खुलासा मागण्याचा अधिकार संघनायकास आहे. त्यास थोडक्यात उत्तर द्यावे. भोवती जमलेल्या ग्रामस्थांस देण्याचे कारण नाही, मग त्यांत शाळा समितीचे सभासद का असेनात.