श्वासयंत्रापाशीं जागें कोण?

अतिदक्षता विभागांतील डॉक्टर एके दिवशीं सांगतात कीं, रुग्णाची प्रकृति आतां स्थिर आहे, पुढील व्यवस्था पाहा. परंतु गळ्यांतील नळीवाटे व्हेंटिलेटरवर ज्याचा श्वास चालला आहे, अशा माणसास न्यावयाचें कोठें? घरीं, कीं एखाद्या शुश्रूषागृहांत? पुष्कळजण यंत्राची किंमत व खोलीची टापटीप पाहून निर्णय घेतात. खरी परीक्षा निराळी आहे.

सन १९५२ मध्यें कोपनहेगन शहरीं पोलिओची भयंकर सांथ आली आणि श्वासयंत्रें अपुरीं पडलीं. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून रोग्यांच्या गळ्यांत छिद्र पाडून नळी बसविण्यांत आली, व सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रबरी पिशवी हातानें दाबून त्यांना श्वास पुरविला. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. आज पिशवीचें काम यंत्र करतें. उशाशीं जागें बसण्याचें काम मात्र त्याला करतां येत नाहीं.

नळीभोंवतालचा फुगा फुगविलेला असतां हवा स्वरतंतूंपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून रुग्णाला हाक मारतां येत नाहीं. नळींत कफ अडकला किंवा नळी निसटली, तर कांहीं मिनिटांत प्राणावर बेततें. यंत्राची घंटा वाजेल. पण ती ऐकून कफ ओढून काढणारा, वेळ पडल्यास नळी बदलणारा हात जवळ हवा.

म्हणून ठिकाण ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. पहिला, यंत्र सुटण्याची आशा आहे काय? असेल, तर जेथें तज्ज्ञ मंडळी यंत्राचा आधार क्रमाक्रमानें कमी करण्याचा यत्न करतात, तेंच ठिकाण निवडावें. दुसरा, रात्रीं दोन वाजतां रुग्णापाशीं कोण असतें, व त्याला काय येतें? याचें उत्तर कचेरींत न ऐकतां रात्रीं जाऊन पाहावें. तिसरा, वीज गेली वा यंत्र बंद पडलें तर काय? हातानें दाबावयाची पिशवी, त्याच मापाची व एक लहान मापाची राखीव नळी, बॅटरीवर चालणारें कफ ओढण्याचें यंत्र आणि प्राणवायूचा भरलेला सिलिंडर उशाशीं असलाच पाहिजे.

घरीं न्यावयाचें तर निदान दोघांनीं रुग्णालयांतच हीं सारीं कामें परिचारिकेच्या देखरेखीखालीं स्वतः करून दाखवावीं. अडचणीच्या वेळीं कोणत्या डॉक्टरास बोलवावयाचें, हें लिहून घ्यावें. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची इच्छाही विचारावी. इतकें होईपर्यंत रुग्णालय सोडण्याची घाई करूं नये. चार दिवसांची मुदत मागण्यांत संकोच कसला?