उत्तराची उधारी

हेरकथेचा प्रेक्षक हा मुळात सोशिक माणूस असतो. कोण कोणाच्या बाजूचा आहे, कोणाचे नाव खरे आणि कोणाचे खोटे, हे आपल्याला निम्मी कथा होईपर्यंत कळणार नाही, ही गोष्ट त्याने आधीच मान्य केलेली असते. त्याची अट एकच असते, आणि ती म्हणजे शेवटी हिशेब व्हावा. ‘द फॅमिली मॅन’ या हिंदी मालिकेने ही अट एकदा नव्हे, पुनःपुन्हा मोडली, आणि तरीही तिची लोकप्रियता कमी झाली नाही. या विसंगतीचा थोडा विचार करावयास हवा.

राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडीने निर्माण केलेल्या या मालिकेचा पहिला हंगाम २० सप्टेंबर २०१९ रोजी ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. मनोज बाजपेयी यांनी रंगविलेला श्रीकांत तिवारी हा मुंबईत राहणारा, सरकारी पगारात संसाराची ओढाताण करणारा गुप्तचर अधिकारी. आपण नेमके काय काम करतो हे तो घरच्यांना सांगत नाही. तळपदे नावाचा मराठी सहकारी हा त्याचा जिवाभावाचा माणूस. ही माणसे खरी वाटतात, आणि म्हणूनच त्यांचे पुढे काय झाले हे कळावे अशी आस लागते. कचकड्याच्या नायकाची कथा अर्धवट राहिली तर कोणाचे काय बिघडते?

पहिल्या हंगामाच्या दहाव्या भागाअखेर दोन धागे लोंबकळत राहिले. पहिला धागा सार्वजनिक संकटाचा. दिल्लीवर विषारी वायू सोडण्याचा कट आपण उधळला अशा समजुतीत श्रीकांत असतो, आणि त्याच वेळी एका रासायनिक कारखान्यात मिलिंद आणि झोया हे त्याचे दोन सहकारी जखमी होऊन पडलेले असतात. यंत्रांचे काटे वर चढत जातात आणि पडदा काळा होतो. ज्या देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची भोपाळची रात्र पाहिली, तेथल्या प्रेक्षकाला टाकीतला दाब वाढतो आहे एवढे दाखविले तरी पुरते. पुढचे चित्र तो स्वतःच रेखाटतो. ही त्या प्रसंगाची ताकद होती. परंतु उत्तर मिळण्यासाठी ४ जून २०२१ उजाडावा लागला, आणि मिळाले ते असे की महाविनाश टळला आणि श्रीकांत नोकरी सोडून एका खासगी कंपनीत संगणकापुढे बसला आहे. हजारो माणसांचे जीवनमरण आधीच्या हंगामात टांगणीला लावायचे आणि पुढच्या हंगामात त्याचा निकाल मागे घडून गेलेल्या गोष्टीसारखा सांगून मोकळे व्हायचे, यात प्रेक्षकाने वीस महिने बाळगलेल्या धास्तीची किंमत फारच कमी लावली गेली.

दुसरा धागा लोणावळ्याचा. श्रीकांतची पत्नी सुचित्रा आणि तिचा सहकारी अरविंद कामानिमित्त लोणावळ्याला जातात. तेथे दोघांमध्ये काय घडले, अथवा काही घडलेच नाही, हे दाखविलेले नाही. दुसऱ्या हंगामात श्रीकांत आणि सुचित्रा यांच्यातील दुरावा भाग-भाग वाढत जातो. अखेरीस ती रडत रडत त्याला काही सांगू पाहते, आणि नेमका तेथेच हंगाम संपतो. ज्या गावाचे नाव काढले की आपल्याला चिक्की आणि पावसाळी सहल आठवे, त्या गावाच्या नावाचा एवढ्यात विनोद झाला. वर्गात ‘लोणावळा’ एवढा शब्द उच्चारला तरी मागच्या बाकावर हसू फुटते, हा माझा अनुभव आहे.

कथेने सारेच सांगितले पाहिजे, असा माझा आग्रह मुळीच नाही. ‘द अमेरिकन्स’ ही अमेरिकन मालिका सहा हंगाम चालून मे २०१८ मध्ये संपली. साधे अमेरिकन दांपत्य म्हणून वावरणाऱ्या दोन सोव्हिएत हेरांची ती कथा. त्यांचा शेजारी स्टॅन हा अमेरिकेच्या प्रतिहेर खात्याचा अधिकारी. शेवटच्या भागात हे बिंग फुटते, आणि निरोप घेताना फिलिप आपल्या या मित्राला सांगतो की, तुझी बायकोही कदाचित आमच्यापैकीच असावी, मला खात्री नाही. मालिका संपली, रेनीचे रहस्य उलगडले नाही. तरीही फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही. कारण तो प्रश्न स्टॅनचा आहे. फिलिपला ठाऊक नाही, स्टॅनला ठाऊक नाही, आणि त्याला पुढचे आयुष्य त्या शंकेसह, त्याच घरात, तिच्याच शेजारी काढावयाचे आहे. प्रेक्षकाचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान येथे एकरूप झाले आहे. हेराच्या व्यवसायाने माणसाच्या विश्वासाचे काय होते, हे याहून नेमके कसे सांगता आले असते?

लोणावळ्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. सुचित्राला ठाऊक आहे, अरविंदला ठाऊक आहे. अज्ञानात ठेवले आहे ते फक्त आपल्याला. यावर कोणी म्हणेल की कथा श्रीकांतची आहे, त्याला जे कळले नाही ते आपल्याला का कळावे? युक्तिवाद चांगला आहे, पण तो टिकत नाही. कॅमेरा श्रीकांतला सोडून त्या दोघांबरोबर लोणावळ्याच्या हॉटेलापर्यंत गेला आहे. तेथवर जाऊन ऐन क्षणी पाठ फिरवायची, याला संयम म्हणत नाहीत. पात्राला जे ठाऊक आहे ते केवळ आपल्यापासून दडविले जाते, तेव्हा तेथे रहस्य उरत नाही. उरते ती उधारी.

आणि या उधारीचे व्याज कोण भरते? सुचित्रा. श्रीकांत घरी सतत खोटे बोलतो, आणि त्याच्या खोटेपणाला कर्तव्याचे कवच आहे. मुलांकडे झालेले दुर्लक्षही देशकार्याच्या खाती मांडले जाते. सुचित्राने नोकरी बदलली, नव्या कामात रमली, सहकाऱ्याबरोबर परगावी गेली. तिच्यावर आरोप ठेवलेला नाही, म्हणून तिला बचावही करता येत नाही. तिने चूक केली असे दाखविले असते तर ती चुकलेली माणूस म्हणून आपल्यापुढे उभी राहिली असती. केली नाही असे दाखविले असते तर प्रश्नच मिटला असता. प्रियामणी यांनी ही भूमिका अतिशय समजुतीने केली आहे, परंतु प्रेक्षकांची चर्चा त्या एका रात्रीपलीकडे जात नाही. ज्या समाजात नोकरी करणाऱ्या बाईला परगावच्या बैठकीचा खुलासा आजही घरी, शेजारी आणि कचेरीत द्यावा लागतो, तेथे अशा कुजबुजीला वर्षानुवर्षे खतपाणी घालणे ही मला निरुपद्रवी गंमत वाटत नाही.

हे असे का घडते, याचे उत्तर बरेचसे अर्थव्यवहारात आहे. ‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले तेव्हापासून तो आपल्या अंगवळणी पडला आहे. पण साप्ताहिकाची उधारी आठवड्याची असे, आणि तिकिटाच्या चित्रपटात देणेघेणे तीन तासांत चुकते होई. येथे प्रेक्षक कलाकृती विकत घेत नाही, मुदतीची वर्गणी भरतो. तेव्हा मंचाच्या दृष्टीने पूर्ण झालेल्या कथेपेक्षा अपुऱ्या कथेचे मोल अधिक. शिवाय पुढचा हंगाम होईल की नाही याची लेखकालाही पुष्कळदा शाश्वती नसते. अमेरिकेत ‘रुबिकॉन’ नावाची गंभीर, संथ आणि चांगली हेरमालिका २०१० मध्ये तेरा भागांनंतर बंद झाली, आणि तिचे उरलेले धागे कायमचे उरले. धनको दारात उभा आहे आणि पेढी बुडाली आहे, असा तो प्रकार. ‘फॅमिली मॅन’ची पेढी बुडाली नाही हे खरे, आणि २०२० च्या महासाथीचा दोष निर्मात्यांच्या माथी मारता येणार नाही. तरीही तिसरा हंगाम यावयास २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. पहिला हंगाम अकरावीत पाहिलेला विद्यार्थी तोवर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात पोहोचला होता. श्रीकांतला ईशान्य भारतात जीव मुठीत घेऊन पळावयास लावणारा तो हंगामही शेवटी प्रेक्षकाला अधांतरीच सोडून गेला.

चोखंदळ प्रेक्षकाने बहिष्कार घालावा, असे सांगण्यात अर्थ नाही. दहा तास खर्च केलेला माणूस अकरावा तास खर्च करतोच, आणि मंचाला ते पक्के ठाऊक असते. मागता येण्याजोगी गोष्ट अगदी लहान आहे. २०२१ च्या नियमांनुसार या मंचांना प्रत्येक कार्यक्रमाचा वयोगट आणि त्यातील हिंसा, शिवराळ भाषा यांची सूचना द्यावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावर तर निव्वळ वजनही छापलेले असते. त्याच सूचनेत आणखी एक ओळ घालावी: ही कथा या हंगामात पूर्ण होत नाही. ज्याला उधार द्यायचे तो देईल; निदान आपण रोखीचा माल घेतो आहोत अशा समजुतीत तरी पहिला भाग लावणार नाही.