चेंडू आलाच नाही, त्याचे मार्क किती?

रविवारी रात्री साडेदहाला आमच्या विंगमध्ये दोनच गोष्टी चालू असतात. एक म्हणजे सोमवारच्या सबमिशनसाठी दुसऱ्याची फाईल समोर ठेवून उतरवणं, आणि दुसरी म्हणजे माझ्या रूम पार्टनरचा अमेरिकन फुटबॉल. तिकडे दुपारचा एक वाजला की इकडे साडेदहा; नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की साडेअकरा. त्या वेळी तो हेडफोन लावून बसतो आणि मधूनच ओरडतो. मग शेजारचे भिंतीवर ठोकतात.

सेकंड इयरला असताना, म्हणजे २०२३ च्या सीझनला, मी जर्नल लिहीत त्याच्या शेजारी बसलो होतो. तो सॉस गार्डनर नावाच्या कुणाचं तरी कौतुक करत होता. सॉस! मला आधी मेसमधली ती पाणी घातलेली लाल बाटलीच आठवली. वैतागून विचारलं, "बाबा रे, पण या वर्षी त्याने केलंय काय?"

"इंटरसेप्शन शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे समोरच्या टीमचा एकही पास त्याने पकडला नाही."

"आणि तरी भारी?"

"देशात सगळ्यात भारी."

मला वाटलं पठ्ठ्या फेकतोय. सीझन संपल्यावर सर्वोत्तम खेळाडूंची यादी लागली आणि तो शून्यवाला खरंच पहिल्या संघात होता. मग मात्र मी जर्नल बाजूला ठेवलं. (ते अजून तिथेच आहे, असं सरांना वाटत असेल तर तसं नाही. पूर्ण केलं.)

आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यातला चेंडू अंड्यासारखा असतो आणि तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. दोन्हीकडे ११-११ गडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. कडेने सुसाट पळत जाऊन तो झेलतात ते रिसीव्हर. आणि त्या रिसीव्हरच्या मागे सावलीसारखं राहून त्याला झेलू न देणारा तो कॉर्नरबॅक. बाकी नियमांचं पुस्तक आपल्या युनिव्हर्सिटीच्या एटीकेटीच्या नियमांइतकं किचकट आहे, ते सोडून देऊ.

कॉर्नरबॅकचं काम अवघड का, हे साध्या फिजिक्सने कळतं. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीच माहीत असतं, कॉर्नरबॅकला नसतं. शिवाय सुरुवातीला तो उलटा, म्हणजे पाठ मागे करून पळत असतो. गार्डनरने २०२२ मध्ये निवड चाचणीत ४० यार्ड ४.४१ सेकंदांत कापले होते. सरासरी काढली तर सेकंदाला ८.३ मीटर. माणसाचा प्रतिक्रियेचा वेळ ०.२ सेकंद धरा. तेवढ्यात समोरचा दीड मीटरहून जास्त निसटलेला असतो, आणि चांगल्या क्वार्टरबॅकला दीड मीटर म्हणजे उघडं दारच. बरं, धरून ठेवायचं म्हटलं तर तीही सोय नाही. पहिल्या पाच यार्डांपर्यंत धक्काबुक्की चालते. त्यानंतर हात लावून अडवलं की दंड. चेंडू हवेत असताना त्याला ओढलं तर जिथे चूक झाली तिथेच समोरच्यांना चेंडू बहाल. एका चुकीला चाळीस यार्डसुद्धा जाऊ शकतात.

गार्डनरचं खरं नाव अहमद. जन्म ऑगस्ट २००० चा, डेट्रॉइटचा. 'सॉस' हे लहानपणी प्रशिक्षकाने ठेवलेलं नाव. उंची सहा फूट तीन इंचांच्या आसपास आणि हात चांगले लांब, म्हणजे निसटलेला दीड मीटर थोडाफार हाताने भरून काढता येतो. सिनसिनाटी युनिव्हर्सिटीकडून तो तीन सीझन खेळला आणि तिन्हीत मिळून त्याच्या ताब्यातल्या रिसीव्हरला एकही टचडाउन करता आला नाही. एकही नाही! २०२२ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं.

ड्राफ्ट म्हणजे आपल्या कॅम्पस प्लेसमेंटच्या उलट. इथे कंपनी निवडायचा आपल्याला नावापुरता तरी हक्क असतो. तिथे गेल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिली निवड मिळते आणि पोरगा मुकाट जातो. थोडक्यात, हुशार मुलगा बहुतेक वेळा बुडत्या जहाजावर. जेट्स तसंच जहाज होतं.

पहिल्याच वर्षी त्याने २० पास हात घालून उडवले, तो आकडा त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक होता. पकडले मात्र दोनच. त्यातला एक ६ नोव्हेंबर २०२२ ला बफेलोच्या जॉश ॲलनचा. जेट्सने ती मॅच २०-१७ ने काढली. वर्षअखेर त्याला बचावातला सर्वोत्तम नवा खेळाडू हा मान मिळालाच, शिवाय 'ऑल-प्रो' पहिल्या संघात जागा मिळाली. हा संघ ५० पत्रकारांचं मंडळ मतांनी निवडतं. पहिल्याच वर्षी त्यात जाणारा याआधीचा कॉर्नरबॅक होता सॅन फ्रान्सिस्कोचा रॉनी लॉट, १९८१ मध्ये. मधली चाळीस वर्षं कुणी नाही. आणि मग २०२३ मध्ये शून्य इंटरसेप्शन घेऊन तो पुन्हा त्याच संघात.

आता मूळ प्रश्नाकडे. शून्याला पहिला नंबर कसा?

रवींद्र जडेजा पॉइंटला उभा असताना बॅट्समन चोरटी धाव घेत नाही. ती न घेतलेली धाव कुठल्या स्कोअरकार्डात लिहिलेली असते? कुठेच नाही. जडेजाने फेकून स्टम्प उडवले तर रनआउट लिहिला जातो. पण त्याचा धाक बसल्यावर कुणी पळतच नाही, म्हणून रनआउटही होत नाहीत. जितका धाक जास्त, तितकी नोंद कमी.

कॉर्नरबॅकचं अगदी तसंच आहे. समजा, एखाद्या नवख्याकडे क्वार्टरबॅकने १०० पास फेकले आणि त्यातले ५ त्याने पकडले. पुढच्या वर्षी सगळे शहाणे झाले, त्याच्याकडे ४० च फेकले. आता तो तितकाच चांगला असला तरी पकडणार २. आणि फेकले जातात तेही बहुतेक असे, की जिथे रिसीव्हर थोडा तरी सुटलाय. म्हणजे सोपे पेपर गायब, फक्त अवघड पेपर शिल्लक. २ चे १ किंवा शून्य व्हायला वेळ लागत नाही. वर्तमानपत्रात मात्र छापून येतं: ५ वरून शून्यावर घसरला. गार्डनरने उडवलेले पासही पहिल्या वर्षीच्या २० वरून दुसऱ्या वर्षी ११ वर आले होते. नुसते अंश बघायचे आणि छेद बघायचाच नाही, ही चूक आपण फर्स्ट इयरच्या लॅबपासून करत आलोय.

उलट उदाहरणही आहे. २०२१ मध्ये डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने, तोही दुसऱ्याच वर्षात होता, ११ इंटरसेप्शन घेतले. १९८१ नंतर इतके कुणी घेतले नव्हते. पण त्याच सीझनला त्याच्या अंगावरून गेलेले यार्डही लीगमध्ये सर्वाधिकांत होते. तो जुगार खेळायचा. चेंडूवर झेप घ्यायची, लागला तर जयजयकार, नाही तर रिसीव्हर मोकळा. मला विचाराल तर बघायला डिग्ज मजेदार, टीममध्ये घ्यायला गार्डनर. रूम पार्टनरचं मत वेगळं आहे आणि त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

हा वाद जुनाच आहे म्हणे. २००९ मध्ये जेट्सकडेच डॅरेल रेव्हिस होता, तिसरंच वर्ष त्याचं. रँडी मॉस, टेरेल ओवेन्स असे एकेक दिग्गज रिसीव्हर त्याच्या वाट्याला आले आणि गप्प झाले. तो ज्याला धरेल तो बेटावर एकटा पडल्यासारखा, म्हणून लोक 'रेव्हिस आयलंड' म्हणायचे. त्याने ३१ पास उडवले, ६ पकडले. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा पुरस्कार मिळाला ग्रीन बेच्या चार्ल्स वुडसनला, त्याने ९ पकडले होते. वुडसन मोठाच खेळाडू, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण न घडलेल्या गोष्टीला मत द्यायला माणसाचं मन धजत नाही, हेही खरं.

मग २०२३ मध्ये ते पत्रकार कसे धजले? बहुधा मोजमाप बदललं म्हणून. आता प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये आरएफआयडीचे टॅग असतात आणि ते सेकंदाला दहा वेळा त्याची जागा कळवतात. (ईएनटीसीवाल्यांनो, सेव्हन्थ सेमच्या सेमिनारला घ्या.) त्यावरून पास हवेत असताना रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक यांत किती यार्डांचं अंतर होतं हे काढता येतं. शिवाय व्हिडिओ बघून, प्रत्येक पासला कोण कुणावर होता आणि किती वेळा त्याच्याकडे फेकलंच नाही, हे मोजणारी मंडळी आहेत. म्हणजे छेद मिळाला. छेद मिळाल्यावर शून्याचा अर्थ लागतो.

तरी एक खोच राहतेच. आकडे कमी झाले ते धाकामुळे की खेळ उतरल्यामुळे, हे बाहेरून सारखंच दिसतं. २०२४ मध्ये गार्डनरचं एकच इंटरसेप्शन, जेट्स १७ पैकी ५ मॅच जिंकले, आणि या वेळी तो ऑल-प्रो संघात नव्हता. चुकलेले टॅकल आणि दंड यांची चर्चा झाली. त्याच वर्षी डेन्व्हरचा पॅट्रिक सर्टन हा कॉर्नरबॅक सर्वोत्तम बचावपटू ठरला. जो माणूस 'काही घडत नाही' यावर मोठा झाला, त्याचं थोडं बिघडलं की त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. डिग्जकडे निदान ११ ची कॅसेट आहे.

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. थर्ड इयरला आमचा चौघांचा मिनी प्रोजेक्ट होता: वरच्या टाकीची पातळी बघून पंप चालू-बंद करणारं सर्किट. एकाने सेन्सर केला, एकाने प्रोग्रॅम, एकाने डिस्प्ले. माझ्याकडे आलं संरक्षण. पंप कोरडा चालला तर बंद पडायला हवा, रिले सुटताना उलटा झटका कंट्रोलरला लागू नये म्हणून डायोड, फ्यूज, वरून एक साधा फ्लोट स्विच. सगळ्यात जास्त रात्री मी जागलो, कारण दोन कंट्रोलर आधीच जळले होते आणि वर्गणी संपली होती.

डेमोला सगळं सुरळीत. एक्स्टर्नलनी डिस्प्लेवाल्याला शाबासकी दिली (निळे दिवे लुकलुकत होते, मलाही आवडले असते). मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?"

मी म्हणालो, "सर, काही जळलं नाही ना, ते मी केलं."

ते हसले. ग्रुपमध्ये सगळ्यात कमी मार्क मला. तेव्हा चिडलो होतो, रात्री टपरीवर बसून यथेच्छ बोललोही. आता वाटतं, त्यांच्याकडे तरी छेद कुठे होता? डेमोच्या दहा मिनिटांत पंप एकदाही कोरडा पडला नाही. माझ्याकडे कुणी चेंडूच फेकला नव्हता. त्यांना मी चांगला कॉर्नरबॅक आहे की नुसताच कडेला उभा आहे, हे कळणार कसं?

गार्डनरचं पुढे असं झालं की जुलै २०२५ मध्ये जेट्सने त्याला चार वर्षांसाठी १२ कोटी ४ लाख डॉलरचा करार दिला, त्या वेळी वर्षाच्या सरासरीने कॉर्नरबॅकमधला सर्वात मोठा. आणि चार महिन्यांत, ४ नोव्हेंबर २०२५ ला, त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सला देऊन टाकलं. बदल्यात घेतल्या २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि वर एक रिसीव्हर. रूम पार्टनर त्या दिवशी मेसला आला नाही. मी त्याला डब्यात पोळ्या आणून दिल्या आणि म्हटलं, बघ, न घडलेल्या गोष्टींना कुणीतरी दोन वर्षांच्या पहिल्या निवडी मोजल्या की. त्याला ते फारसं रुचलं नाही.

या वर्षी बी.ई.च्या प्रोजेक्टमध्येही माझ्याकडे संरक्षणाचंच काम आहे, यंदा मी मागून घेतलंय. 'वैयक्तिक योगदान' या रकान्यात मी एक तक्ता चिकटवलाय: मुद्दाम पाणी तोडून पंप ४० वेळा चालवला, ३९ वेळा दहा सेकंदांच्या आत बंद पडला. चाळिसाव्या वेळी फ्लोट अडकला होता. तेही लिहिलंय.